दादाची टाच आणि पोरीचा गुडघा

सख्ख्या नात्यातला पेशंट घ्यायचा नाही, हे तिने फिजिओचं शिक्षण घेतानाच ठरवलं होतं. पण तिच्या थोरल्या भावाने वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी व्हॉलीबॉलच्या मैदानावर विशीतल्या पोरांच्या बरोबरीने उडी मारली आणि टाचेमागची जाड शीर ताडकन तुटली. ऑपरेशन झालं आणि आईने फर्मान काढलं, "घरचा फिजिओ असताना दुसरीकडे कशाला?" विषय संपला.

त्याला आता पाच महिने झाले होते. दुखऱ्या पायावर एकट्याने उभं राहायचं, टाच पूर्ण वर उचलायची, सावकाश खाली आणायची. असं ओळीने पंचवीस वेळा जमल्याशिवाय पळायला परवानगी नव्हती. दादाची गाडी अकरावर अडली होती. घरी करायच्या व्यायामाच्या तक्त्यावर मात्र सगळे रकाने भरलेले.

"दादा, गुरुवारचीही खूण केलीस? आज मंगळवार आहे!"

"मग? गुरुवारी करणारच आहे ना."

तिने कपाळावर हात मारून घेतला. बरं, हा गृहस्थ वेळेआधी तासभर दवाखान्यात यायचा, आपला व्यायाम सोडून बाकीच्यांना शिकवत फिरायचा आणि भरल्या खोलीत तिला "ए भिंगरे" म्हणून हाका मारायचा. बारा वर्षांची प्रॅक्टिस एका हाकेत धुळीला.

दुसरी डोकेदुखी होती अडथळ्यांच्या शर्यतीत धावणारी वीस वर्षांची पोरगी. गुडघ्यातला लिगामेंट फाटला होता, ऑपरेशनला आठ महिने झाले होते. दोन्ही पायांची ताकद आता सारखी भरत होती. पण लाकडी खोक्यावरून त्या पायावर खाली उडी मार म्हटलं की काठावर तिचा पुतळा व्हायचा. खोकं वीतभर उंचीचं! तीन आठवडे समजावून झालं, दटावून झालं. उत्तर ठरलेलं, "उद्या नक्की, मॅडम."

एक ऐकत नाही आणि दुसरी जमत असून करत नाही. त्या मंगळवारी फिजिओ आतल्या खोलीत सर्जनशी फोनवर बोलत होती, तेवढ्यात बाहेरून मोजणी ऐकू आली.

"चौदा... पंधरा... काका, गुडघा वाकवलात, हा धरणार नाही."

तिने फोन आटोपता घेतला आणि दारात येऊन पाहिलं. पोरगी हाताची घडी घालून वीतभर खोक्याऐवजी त्याहून उंच, मधल्या खोक्यावर उभी होती. दादा भिंतीला दोन बोटं टेकवून टाच उचलत होता, चेहरा लालबुंद. पैज उघड होती. दादाचे पंचवीस झाले की पोरीने उडी मारायची. मधल्या खोक्याची परवानगी फिजिओने दिलीच नव्हती! ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात दादाने "एकवीस" ओलांडले आणि तिचं तोंड तसंच राहिलं.

चोविसाव्याला टाच जेमतेम दोन बोटं उठली.

"परत," पोरगी म्हणाली.

दादाने तिच्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं, पण परत केला. पंचविसावाही केला आणि भिंतीला टेकून धापा टाकत म्हणाला, "आता तू."

पोरगी पांढरीफटक पडली. "काका, लिगामेंट पुन्हा तुटला तर?"

दादाने वाकून टाच चोळली. मग म्हणाला, "तुटताना आवाज आला होता ना, तो मला अजून ऐकू येतो. अकरा झाले की वाटतं, बाराव्याला तुटणार. म्हणून थांबायचो."

 दारातल्या बहिणीने पाच महिने याला आळस म्हटलं होतं.

धप्प! पोरगी खाली होती. गुडघा शिकवल्यासारखा वाकलेला, अंग तोललेलं. ती तशीच थांबली आणि मग रडायलाच लागली.

"कोणाला विचारून?" फिजिओचा आवाज आता फुटला. तिने पोरीला पलंगावर बसवलं, गुडघा चारी बाजूंनी चाचपला. सूज नाही, कळ नाही. मग ती भावाकडे वळली. "आणि तू! घाबरतोस, हे मला का नाही सांगितलंस?"

"धाकट्या बहिणीला सांगायचं होय?"

"मी तुझी फिजिओ आहे!"

"तेच तर. बरं, पंचवीस झाले. रविवारी मॅच आहे, जाऊ?"

"मिनिटभर पळायचं आणि मिनिटभर चालायचं! मॅच म्हणे!"

दुसऱ्या दिवसापासून तिने दोघांना एकच वेळ दिली. घसा तिने फोडायचा आणि ऐकायचं मात्र एकमेकांचं, ही चिडचिड तिने आईपाशी रोज ओकली. पण सहा आठवड्यांत पोरगी ट्रॅकवर परतली, आधी बुटक्या अडथळ्यांवरून. दादाला मैदानात उतरायला आणखी तीन महिने लागले. पहिल्याच चेंडूला त्याने अंग गरम न करता उडी मारली, आणि कडेला बसलेली त्याची बहीण सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी किंचाळली, "दादाऽऽ!"