गव्हाणीवरचा पेला

मित्रांनो, मी एक जुनी गव्हाण आहे आणि मी रागात आहे. गव्हाण म्हणजे गुरांना वैरण घालायची पेटी. हे आता सांगावं लागतं, राग यायला तेवढंही पुरेसं आहे. पण माझं कारण वेगळं आहे.

माझा जन्म परदेशात झाला. हसू नका. शहराबाहेर चिकलठाण्याला कारखाने उभे राहत होते तेव्हा मी एका यंत्राचं खोकं होते. बोटीतून आले. कारखान्यात यंत्राला हार घातला, त्याच्यापुढं नारळ फोडला आणि मला कुंपणाबाहेर फेकलं. कुंपणाबाहेर बिरू नावाचा धनगर म्हैस चारत होता. त्याचे आजे-पणजे ज्या माळावर मेंढरं चारत आले, तो माळ आता कुंपणाच्या आत होता. म्हणजे माळ गेला आणि खोकं मिळालं. बिरूनं मला डोक्यावर घेऊन मुकुंदवाडीला आणलं, फळ्या सुट्या केल्या आणि पुन्हा ठोकल्या. माझ्या अंगावर 'ही बाजू वर' असं सांगणारा बाण होता, तो जमिनीकडं वळला. शेजारच्या फळीवरचं पेल्याचं चित्र तेवढं सरळ राहिलं.

या पेल्याचा अर्थ सरळ आहे. आत फुटणारी वस्तू आहे, जपून हाताळा. म्हशीला तो कळला नाही. तिनं वर्षानुवर्षं माझ्यावर शिंगं घासली.

बिरूच्या गोठ्याला लागून ख्रिस्ती लोकांची वस्ती होती. तिथं सखाराम आणि त्याची बायको केसरबाई राहत. सखाराम माझ्यातूनच आलेल्या यंत्रावर काम करायचा, त्यामुळं तो मला नात्यातला वाटे. एकदा वस्तीच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, दुधाला आले, त्यांनी माझ्यावरचा पेला पाहिला आणि हात जोडले. "अहो, हा तर प्रभुभोजनाचा प्याला!" म्हणजे प्रभूनं शेवटच्या जेवणात शिष्यांना दिलेला तो. सखारामला खरा अर्थ ठाऊक होता. तो नुसता खोकला.

तेव्हापासून दर नाताळाला मला घासूनपुसून चर्चमध्ये नेत. प्रभू जन्मला तेव्हा त्याच्या आईनं, मरीयेनं, त्याला गव्हाणीतच ठेवलं होतं, म्हणून आत गवत घालत, गवतावर प्लास्टरचं बाळ ठेवत. एरवी म्हैस ज्यात शिंकायची, त्यासमोर लोक गुडघे टेकत. वर्षभर मी गव्हाण, त्या आठवड्यात पाळणा. दर वर्षी माझं नामांतर व्हायचं आणि त्यासाठी कोणाचं घर जाळावं लागलं नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. कारण आमच्याच शहरात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं की नाही, यावरून पंधरा वर्षं माणसं होरपळत होती. गावोगाव घरं जळाली. मी लाकूड आहे. जळण्यावर मला विनोद सुचत नाहीत.

नाव बदलण्याआधीचा तो शेवटचा नाताळ. सखाराम कारखान्यातल्या मित्रांबरोबर नामांतराच्या मोर्चात गेला. ते काकासाहेबांच्या कानावर गेलं. काकासाहेब म्हणजे आमच्याकडची मोठी असामी, आणि नामांतराच्या विरोधातली. जमीन कारखान्यांना विकून त्यांनी किराणा दुकान, पिठाची गिरणी आणि दुधाची डेअरी काढली होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज भोंग्यातून आला. "त्या वस्तीला कोणी काही विकायचं नाही! जो विकेल, त्याचं दूध डेअरीत घेतलं जाणार नाही!"

नाताळ तोंडावर आला होता. शहरात रोज कुठं ना कुठं बंद. साऱ्या वस्तीचा फराळ केसरबाईच्या चुलीवर व्हायचा आणि ती दुकानादुकानातून रिकामी पिशवी घेऊन परतत होती. खिशात दाम असूनही आपल्याला कोणी काही विकणार नाही, हा अपमान तुम्हाला कळतो का? नसेल कळत तर पुढं वाचू नका, मला उगीच आणखी राग येतो.

बिरूची बायको बानाबाई धार काढता काढता एकदम थांबली.

"अवं, काकासाहेब विकायचं नाय म्हनले ना? द्यायचं नाय असं कुठं म्हनले?"

"तेच असतंय ते," बिरू म्हणाला. तो डेअरीला भीत होता.

"तेच असतं तर दुकान उघडून फुकट वाटत बसले असते काकासाहेब."

ती दुधाची चरवी घेऊन थेट केसरबाईकडं गेली.

केसरबाईनं विचारलं, "किती द्यायचे?"

"काय नाय. असंच घ्या."

"मंग परत न्या. भीक मागाया नाय बसलो आमी."

"अवं बाई, विकता येत नाय मला!"

"अन् मला फुकट घेता येत नाय!"

दोघी पदर खोचून उभ्या राहिल्या. दूध निवलं, त्यावरचा फेस बसला, एक मांजर येऊन आशेनं बसलं. शेवटी बानाबाई फणकाऱ्यानं परत आली आणि चरवी माझ्यात ठेवून मोठ्यानं ओरडली, "मी कुनाला दिलं नाय, कुनाला विकलं नाय! गव्हाणीतलं हाय, ज्याचं तोंड पोचंल त्याचं!"

संध्याकाळी चरवी केसरबाईकडं पोचली. सकाळी ती धुऊन परत आली, आत करंज्या होत्या. मग ते सुरूच झालं. शेजारपाजारच्या कोणी माझ्यात तीळ ठेवले, कोणी जात्यावर दळलेलं पीठ. वस्तीतून चकल्या आल्या. कोणी दिलं नाही, कोणी घेतलं नाही, कोणी विकलं तर मुळीच नाही. म्हैस तेवढी अर्धपोटी राहिली. एकदा तिनं दोन करंज्या खाल्ल्या आणि चेहऱ्यावर काहीही दाखवलं नाही.

नाताळाच्या आदल्या दुपारी काकासाहेब चार माणसं घेऊन गोठ्यात शिरले. माझ्यात हात घालून त्यांनी एक पुडा काढला. आत गुळाची ढेप, पुड्यावर त्यांच्याच दुकानाचं नाव.

"माझ्या दुकानातला गूळ! कुणी विकला?"

मागून आवाज आला, "विकला नाय. मी ठिवला." त्यांची बायको आशाबाई दारात उभी होती आणि तिच्या पदराखाली साखरेचा दुसरा पुडा होता.

"बिऱ्याच्या गोठ्यात आपला गूळ? कशापायी?"

"बाळंत व्हायची हाय."

"कोन, म्हैस?"

"मरीया."

काकासाहेबांना बायकोवर ओरडता येईना, चारचौघांत शोभलं नसतं. म्हणून त्यांनी मला लाथ घातली. पेल्याची फळी उभी चिरली. त्यांच्या अंगठ्यालाही लागलं, हे सांगायला मला फार आवडतं.

इतके दिवस बिरू गप्प होता. त्या गप्प बसण्याचाही मला राग होता. पण फळी चिरल्याचा आवाज झाला आणि त्यानं म्हैस सोडून बाहेर बांधली, मला उलटी करून झटकलं आणि डोक्यावर घेतलं.

"कुठं चाललास?" काकासाहेबांनी विचारलं.

"चर्चला."

"नेलीस तर उद्यापासनं तुझं दूध डेअरीत नाय."

"बरं."

"बरं काय? ठिवशील कुठं दूध?"

"गव्हाणीत," बिरू म्हणाला.

वाटेत केसरबाई आडवी आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "बिरूभाऊ, गव्हाणीत नाय. सण झाला की मी भांडं घिऊन येते अन् वस्तीलाबी आणते. सगळं दूध आमी घिऊ. पन विकत. फुकटचं सणापुरतंच."

"काकासाहेबांनी विकायचं नाय सांगितलंय," बिरू म्हणाला.

"मंग?"

"मंग काय, विकतो."

त्या नाताळात वस्तीत कोणी कोणाला विकत घेतलेली भेट दिली नाही. पुढच्या महिन्यात विद्यापीठाचं नाव बदललं. काकासाहेबांचा अंगठाही बरा झाला. सगळंच काही मनासारखं होत नाही.

मित्रांनो, आता तुमच्यातलेही काही जण म्हणतात, यंदा साधा नाताळ करू, भेटी विकत घ्यायला नकोत. जरूर करा. चमकत्या कागदातल्या खोक्यांचं मलाही कौतुक नाही, मी स्वतः खोकं होते. पण विकत न घेणं ही ज्याला विकत घेता येतं त्याची चैन आहे. अजूनही या शहरात भाड्यानं खोली मागायला गेलं की आधी आडनाव विचारतात आणि मग खोली अचानक भरलेली असते. तुमच्या गल्लीत असं दार कोणासमोर बंद होत असेल, तर तुमच्या साध्या नाताळाचं मला काही सांगू नका. आधी ते दार उघडा.

माझी फळी सखारामनं त्याच दिवशी चर्चमध्ये तारेनं बांधली. बांधता बांधता न राहवून त्यानं पाळकसाहेबांना खरं सांगितलं. "साहेब, ह्यो प्रभुभोजनाचा प्याला नाय. आत फुटण्यासारखं काहीतरी हाय, जपून हाताळा, असा त्याचा अर्थ हाय."

पाळकसाहेबांनी माझ्यातल्या गवतावर बाळ ठेवलं. "मग बरोबर जागी आहे की," ते म्हणाले.

मी अजून त्या तारेच्या आधारानं उभी आहे. पेला चिरलेला आहे, पण वाचता येतो. लाथ उचलण्याआधी तेवढा वाचायला शिका.