जे खोलीत बोललं जाईल

उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली, की ती थांबत नाही. घरंगळते.

कामावर दुभाषीबाईचा गडद, बिनफुलांचा कुर्ता. अंगठी नाही, बांगड्या नाहीत. फक्त खुणा करणारे हात दिसले पाहिजेत.

"सांग ना, तू माझ्या बाजूने की सासूबाईंच्या?" घरी जावेने विचारलं.
"आत्ता मी भांड्यांच्या बाजूने. घासून होऊ देत."

कारखान्यात, चौकशीच्या खोलीत दुभाषीबाईने नियम सांगितला, तोंडाने आणि खुणांनीही. "इथे जे बोललं जाईल, ते सगळं मी सांगणार. दोन्हीकडून."

"यांना ओळखता?" समोरच्या कामगाराकडे बघत मॅनेजरने विचारलं.

"लहानपणापासून. वडिलांचे मित्र."

"असू दे. दुसरं कोण मिळतंय!"

समोर पत्रा दाबायची प्रेस चालवणारे काका. जन्मापासून ऐकू येत नाही. त्यांच्या प्रेसखाली सोबत्याची दोन बोटं गेली होती. आज काकांची नोकरी राहते की जाते, ते ठरणार होतं.

"प्रेसवरचा धोक्याचा लाल दिवा दिसला नाही?" मॅनेजर म्हणाला.

काकांनी हात मांडीशी घेतले. बोटं जेमतेम हलली.



"मला डुलकी लागली होती," त्यांच्या खुणा वाचत ती म्हणाली. आणि मग, "पोरी, एवढं सांगू नकोस."

काकांना ओठ वाचता येत होते. त्यांनी हात टेबलाखाली नेले.

"संपलं की मग!" मॅनेजर शेजारच्या साहेबाकडे वाकला. "बरं झालं. प्रेस थांबवणारा सेन्सर महिनाभर बंद होता, तो विषय आता निघत नाही."

तिचे हात वर आले.

"अहो बाई! हे त्याच्यासाठी नव्हतं!"

तिने तेही खुणांनी सांगितलं.

"थांबा! तुम्ही आहात तरी कोणाच्या बाजूच्या?"

तेही.

टेबलाखालून काकांचे हात हळूहळू बाहेर आले. त्यांच्या खुणा तिने मोठ्याने सांगितल्या. "सेन्सर बंद होता, हे मी तुमच्या तोंडासमोर हात नाचवून चारदा सांगितलं होतं. तुम्ही हसला होतात."

साहेबाने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने पाण्याचा ग्लास उचलला, न पिता ठेवला.

त्यानंतर काका तिच्या हातांकडे पाहत राहिले. चेहऱ्याकडे एकदाही नाही.

नोकरी राहिली. पुढच्या बैठकीला काकांनी तिच्या जागी दुसरी दुभाषी मागितली.

लहानपणी ती पहिल्यांदा बालवाडीत गेली, त्या दिवशी काका रजा काढून फाटकाबाहेर बसून राहिले होते.