वरची मूठ

घाटनदेवीची शपथ! मोठ्यानं घेते, खालच्या मजल्यावरच्यांनाही ऐकू जाऊ दे. ह्यातला शब्द न शब्द खरा हाय. खोटा निघाला तर ह्या नवसाबाईची जीभ झडो. आमच्या बिल्डिंगमध्ये माझं नाव जरा खराब हाय, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तर माझी नात वेदिका आठवीत नापास झाली. गणितात आणि मराठीत. पूर्वी आठवीपर्यंत कोणाला मागं ठेवत नसत, आता ठेवतात. जूनमध्ये फेरपरीक्षा, त्यातही राहिली तर पुन्हा आठवीत, तिच्याहून लहान पोरींच्या बाकावर. पोरीनं निकाल ऐकला आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपली. "मी त्यांच्यात नाही बसणार, शाळाच सोडीन," एवढंच म्हणाली.

तिचा बाप, माझा सोमनाथ, अंबडला कंपनीत शिफ्टला. सून मीना द्राक्षाच्या पॅकहाऊसला, ते संपलं की दुसऱ्या कुठल्या कामाला. दोघं घरी येतात ते नुसते पडायला. मग शाळेत कोण जाणार? मी. सिडकोतून रिक्षा करून, गुडघे धरून, तीन मजले चढून.

वर माजिदा मॅडम बसलेल्या. मराठी आणि गणित दोन्ही त्यांच्याकडंच, कारण गणिताचे सर गेले ते गेलेच, दुसरे आले नायत. डोळ्याखाली काळं. टेबलावर कसल्यातरी सर्वेचे कागद, त्याच्याखाली पेपर.

"बसा आजी," त्या म्हणाल्या. "मुलगी हुशार आहे हो. पण हे बघा. निबंधाचा विषय होता 'मी पाहिलेलं ठिकाण'. हिनं समुद्र लिहिलाय. हिच्या शेजारणीनंही समुद्र. अर्ध्या वर्गानं एकच समुद्र पाहिलाय, गाईडातला, आणि सगळ्यांच्या समुद्रावर सूर्य एकाच वाक्यात बुडालाय."

"समुद्र तर हिनं पाहिलेलाच नाय," मी म्हणलं.

"तेच ना. आणि गणितात नुसती उत्तरं. रीत नाही. उत्तर चुकलं तर मी मार्क द्यायचे कशाला? कुठं चुकली तेच कळत नाही." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आजी, ह्या वयाच्या मुलांना फार काही यायला नको. पाहिलेलं आपल्या शब्दांत लिहावं, आणि उत्तर कसं काढलं ते समोरच्याला सांगता यावं. एवढं झालं तरी मी सुटले."

मी म्हणलं, "मॅडम, मी करून घेते." म्हणताना उठायला लागले आणि गुडघ्यानं विचारलं, तू?

मे महिना. आमच्या घरावर थेट गच्ची. दुपारी पंखा गरम हवा खाली ढकलत बसतो. वेदिका पुस्तक पुढ्यात घेऊन बसायची, मी खाटेवर आडवी. मला लिहिता येतं ते सहीपुरतं. गणित म्हणाल तर बाजारापुरतं. शिकवणार काय? मग मला जे येतं ते मी केलं. गप्पा हाणल्या.

"माझ्या लग्नात," मी सांगितलं, "आमच्या घोटीकडचा तांदूळ. भाताचा ढीग घातला मांडवात, एवढा उंच, की पलीकडं बसलेला नवरदेव दिसेना. दोन दिवस आम्ही त्याला शोधत होतो."

"आजी, गप."

"अगं खरंच. शेवटी भात खात खात गेलो, तेव्हा सापडला."

"भात एवढा उंच राहतच नाही. ढासळतो. आणि दोन दिवस ह्या उन्हात? आंबेल."

"मी खोटं बोलते म्हणतीस? लिहून दाखव. नुसतं 'आजी खोटारडी' नाय चालायचं. का ते लिही."

तिनं वैतागून वही ओढली. आधी लिहिलं ते गाईडासारखंच, 'माझी आजी प्रेमळ आहे'. मी म्हणलं, हे कोण, मी ओळखत नाय हिला. फाडलं. मग लिहिलं, 'माझी आजी खोटं बोलते, कारण'. आणि थांबली. कारणापुढं तिचा हात चालेना. त्या दिवशी तेवढंच झालं. मलाही झोप लागली.

असे दिवस गेले. मी रोज एक थाप मारायची, ती रोज ती मोडायची. थाप मारणं सोपं असतं असं लोकांना वाटतं. ह्या वयात रोज एक नवी काढायची म्हणजे मोट ओढण्याचं काम. कधी ती दोन ओळी लिही, कधी नुसती रडे. "नाही जमत मला. काय फरक पडतो? मी बसेन घरात, तुझ्यासारखी." ते 'तुझ्यासारखी' मला लागलं, मी कूस बदलली. भांडायलाही अंगात जोर लागतो.

गणित तसंच अडलेलं. मॅडमनी जुनी प्रश्नपत्रिका दिली होती. वेदिका प्रश्न वाचायची, मनात काय करायची देव जाणे, आणि उत्तर लिहायची. एका संध्याकाळी मीना कामावरून आली, पाठीमागची उत्तरं बघून म्हणाली, "आत्याबाई, हिचं परत चुकलंय. शिबिरात बारा मुलांना तीन किलो तांदूळ, तर वीस मुलांना किती? उत्तर पाच किलो आहे. हिनं सव्वापाच लिहिलंय." आणि चप्पलसुद्धा न काढता दारातच बसली. "नाही होणार हिच्याच्यानं. उगाच जिवाची ओढाताण करताय."

वेदिकाचं तोंड एवढंसं झालं.

मला त्या सव्वापाचात काहीतरी खटकलं. चूक असती तर कशीही असती. ही नेमकी पावाची कशी? मी म्हणलं, "वेदे, इकडं ये. मला आकडे नको दाखवू. तोंडानं सांग, कसं केलंस."

"बारा जणांना तीन किलो. म्हणजे एकाला पाव."

"बरं."

"वीस जणांना पाच किलो."

मीना एकदम वर बघायला लागली. "मग पाच का नाही लिहिलंस?"

"आणि वरची मूठ," वेदिका म्हणाली.

"कसली वरची मूठ?" मीच विचारलं.

"आजी! तूच तर शिकवलंस! तांदूळ घेताना माणशी एक मूठ आणि वर एक, ऐन वेळी येणाऱ्याची. वीस जणांचे पाच, आणि येणाऱ्याचा पाव."

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असंच तांदूळ मोजतात. सहा वर्षांची असल्यापासून पोरगी तसंच मोजते. मी तिला पुढचं विचारलं. बाकावर तीन मुलं, बेचाळीस मुलांना बाक किती? चौदा यायला हवेत, हिचे पंधरा. का? "कोणी नवीन आलं तर उभं राहील का?" लाडू वाटायचे, तिथंही एक वाटा जास्त. जिथं जिथं माणसं, तिथं तिथं एक पाहुणा. पोरीला गणित येत होतं. तिनं फक्त सगळ्या गणितांत आमचं घर घातलं होतं.

मला हसू फुटलं, पण हसतानाही दम लागला. मीनाचं मात्र डोकं फिरलं. "अगं मग हे लिहिलं का नाहीस पेपरात? मॅडमला काय स्वप्न पडणारे?"

"त्यात काय लिहायचं? सगळेच तसं करतात."

"नाय गं माझे बाई," मी म्हणलं. "शेजारचे तर तांदूळ असे मोजून घेतात की नवऱ्याचाही घास कमी पडावा. आपल्या घरचं बाहेरच्याला ठाऊक नसतं. म्हणून तर लिहायचं."

त्या रात्री तिनं पहिल्यांदा रीत लिहिली, ओळ अन्‌ ओळ, तोंडानं पुटपुटत. शेवटी विचारलं, "मग वरची मूठ घालायची की नाही?"

काय सांगू? नको घालू म्हणायला माझी जीभ रेटेना. "प्रश्न नीट वाच," मी म्हणलं. "आणि तुझं तू ठरव."

परीक्षेला मी तिच्यासोबत गेले. फाटकाबाहेर कट्ट्यावर बसून राहिले, पाठ धरून. ती बाहेर आली ती माझ्याहूनही जास्त दमलेली.

"तांदळाचं आलं होतं का?"

"तेलाचं आलं होतं. शिबिराचंच."

"मग? वरचं घातलंस?"

"नाही," ती म्हणाली. "मी दोनदा वाचला. प्रश्नात कोणी येणार नव्हतं, आजी."

बरोबरच केलं तिनं. तरी रिक्षात बसेपर्यंत मला कसंतरीच वाटत राहिलं.

निकालाला पुन्हा तेच तीन मजले. पास झाली! दोन्हीत, काठाला हात लावून. निबंध लिहिला होता तो आमच्या गच्चीचा, तापल्या सिमेंटवर अनवाणी कपडे वाळत घालायचे कसे त्यावर. एका पायावर उभं राहून एक कपडा, मग दुसऱ्या पायावर दुसरा. समुद्राचं नाव नाय. माजिदा मॅडम खुर्चीवरून उठल्या, टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आल्या, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "आजी, इतक्या वर्षांत असा पेपर तपासताना मी पहिल्यांदा हसले."

आता शपथ मोठी घेतलीय, म्हणून तेवढं एक सांगून टाकते. मॅडम उठल्या नायत. हातही धरले नायत. माझ्या मागं आयाबायांची ही लाईन. त्यांनी मान खाली ठेवूनच कागद पुढं सरकवला, "पास आहे, इथं सही करा" म्हणल्या, आणि पुढच्या पोरीचं नाव पुकारलं.