रिकामा खिळा

मी किल्ली बोलतेय. तिजोरीची वगैरे नव्हे, त्यामुळे फार अपेक्षा ठेवू नका. दोन खोल्यांच्या एका घराच्या पुढच्या दाराची मी किल्ली. पितळेची, डोक्याला एक भोक आणि भोकात लाल दोरा.

माझा जन्म बाजारातल्या एका जिन्याखाली झाला. तिथे किल्लीवाला बसायचा. त्याने एका चिमट्यात माझ्या आईला धरलं, दुसऱ्या चिमट्यात मला, आणि आईचे दात बघून माझे दात काढले. माणसांची पोरं दात येताना किरकिरतात म्हणे. मी तर अख्खा बाजार ऐकेल अशी किंचाळले. मग त्याने कानशीने माझे कोपरे घासले, एक फुंकर मारली आणि मला समोरच्या बाईंच्या हातात दिलं. "बघा लागते का. नाही लागली तर परत आणा," तो म्हणाला. मी पहिल्या फटक्यात लागले. याचा मला अजून थोडा गर्व आहे.

त्या बाई जन्मभर बसमध्ये कंडक्टर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना कंडक्टरबाईच म्हणायची. गळ्यात एक दोरी, त्या दोरीत माझी आई आणि तिच्या शेजारी नोकरीतली जुनी शिट्टी. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. घरी येणाऱ्यांनाही त्या याच शिस्तीत वागवायच्या. दारात दोघं समोरासमोर आले की आतून आवाज यायचा, "आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या!"

यजमान केव्हाच गेले होते. मग बाईंचे गुडघे गेले, नजर मंदावली, रक्तातली साखर वाढली. एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला. आईच्या काळजीने तिचा जीव तिकडे टांगणीला. तिने एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता, स्वच्छ, पुढे बाग असलेला. बाई एकदा जाऊन बघूनही आल्या. "छान आहे," म्हणाल्या, "अगदी डेपोसारखा. सगळ्या गाड्या रांगेत उभ्या आणि एकही चालू नाही."

मुलीला हसू आलं नाही. "आई, मी तुला जबरदस्तीने नेणार नाही. पण एकदा जरी तू पडलीस आणि कुणाला पत्ता लागला नाही, तर त्यानंतर मी तुझं काही ऐकणार नाही."

"कबूल," बाई म्हणाल्या. तेव्हापासून आपल्या घरात राहायला मिळणार की नाही, हे सगळं न पडण्यावर येऊन ठेपलं.

आता मदतीचं सांगते. मदत भरपूर होती, हीच तर पंचाईत. दवाखान्याची नर्स इंजेक्शन द्यायला यायची. पालिकेच्या ज्येष्ठ नागरिक विभागाची मदतनीस आंघोळ आणि झाडलोट बघायची. एका संस्थेच्या स्वयंपाकघरातून दोन वेळचा डबा यायचा, तो आणणाऱ्याला बाई ड्रायव्हरसाहेब म्हणायच्या. ड्रायव्हर म्हटला की तो आपला जोडीदार, असा त्यांचा साधा हिशोब. या तिघांची ठिकाणं एकाच इमारतीत. खाली दवाखाना, मागच्या बाजूला स्वयंपाकघर, वरच्या मजल्यावर पालिकेचा विभाग, मधे एक अंधारा बोळ. पण एकाला दुसऱ्याशी काही बोलायचं झालं तर पत्र जायचं टपालाने. ते बिचारं शहरभर हिंडून त्याच बोळात परत यायचं.

परिणाम काय, तर सकाळी तिघं एकदम दारात. नर्सला उपाशीपोटी रक्त काढायचं असायचं, तोवर ड्रायव्हरने डबा उघडून पुढ्यात ठेवलेला, आणि मदतनीस पाणी तापवून ताटकळत उभी. बाई जोरात एक शिट्टी मारायच्या. दुपारनंतर मात्र घरात चिटपाखरू नाही.

शेवटी तिन्ही ठिकाणचे प्रमुख एका टेबलाशी बसले. समोरची बिस्किटं संपेपर्यंत चूक कुणाची यावर चर्चा झाली आणि बिस्किटं संपल्यावर कामाचं बोलणं सुरू झालं. तिघांनी मिळूनमिसळून काम करायचं ठरलं. प्रत्येकाला घराची एकेक किल्ली हवी होती. बाईंनी साफ नकार दिला. "तीन किल्ल्या दिल्या तर माझ्या घराची धर्मशाळा होईल. एक देते, ती वाटून घ्या."

ती एक म्हणजे मी. माझ्यासाठी त्या बोळातल्या भिंतीवर खिळा ठोकला गेला आणि नियम ठरला. किल्ली खिळ्यावर दिसली, म्हणजे बाईंकडे कुणी नाही, ज्याचं काम असेल त्याने घेऊन जावं. खिळा रिकामा दिसला, म्हणजे आपल्यातलं कुणीतरी तिथे आहे, आपण दुसरं घर आधी उरकावं. परत आलं की किल्ली परत खिळ्यावर.

नियम चांगला चालला. त्याहून चांगली गोष्ट अशी की खिळ्यापाशी ही माणसं एकमेकांना भेटायला लागली. माणसांची एक खोड मी तिथेच बघितली. समोरासमोर बसवलं की ती जपून बोलतात आणि जाता जाता उभ्या उभ्या सगळं सांगून टाकतात. ड्रायव्हर एकदा सहज म्हणाला, "काल डबा अर्धा परत आला. भाजी आवडली नसेल." मदतनीस म्हणाली, "नाही हो, मावशी चावताना गाल धरतात." ते ऐकून नर्सने दुसऱ्या दिवशी बाईंचं तोंड उघडून बघितलं, तर दाढ सुजलेली. टपालाने ही दाढ पडेपर्यंत कळली नसती. नर्सने तेव्हाच मला लाल दोरा बांधला, अंधारात पटकन दिसावी म्हणून.

मग तो दिवस आला. आदल्या संध्याकाळी नर्सला बाईंकडून निघायला उशीर झाला. बोळाचं दार बंद झालं होतं. सकाळी टांगू, असं म्हणून तिने मला गणवेशाच्या खिशात टाकलं. सकाळी तिची लेक तापाने फणफणलेली. तिने दवाखान्यात फोन करून रजा सांगितली आणि लेकीच्या उशाशी बसली. मी दाराच्या मागे, गणवेशाच्या खिशात, एका जुन्या रुमालाच्या सोबतीला.

इकडे मदतनीस खिळ्याशी आली. खिळा रिकामा. सिस्टर लवकर गेलेली दिसतेय, असं म्हणून ती दुसऱ्या घरी गेली. नंतरही खिळा रिकामाच. म्हणजे ड्रायव्हर असेल. दवाखान्यात बदली नर्स पाठवायची का, असा विषय निघाला, पण कुणीतरी बोळात डोकावून आलं आणि म्हणालं, "किल्ली गेलीय की." ड्रायव्हर दुपारचा डबा घेऊन निघाला, त्यानेही रिकामा खिळा बघितला. दारावर टकटक केलं, कुणी उघडलं नाही. आत मदतनीस आंघोळ घालत असेल, उगाच कशाला खोळंबा, म्हणून डबा कडीला अडकवून तो पुढे गेला. तिघांच्याही मनात बाईंजवळ दुसरं कुणीतरी होतं. इतका एकमेकांवर विश्वास पूर्वी नव्हता, त्यामुळे ही चूक पूर्वी झालीच नसती.

बाई सकाळीच मोरीच्या उंबऱ्याशी घसरून पडल्या होत्या.

संध्याकाळच्या डब्याला ड्रायव्हर आला, तर दुपारचा डबा कडीला तसाच. त्याने दारावर खांदा लावला. आतून बारीक आवाज आला, "ड्रायव्हरसाहेब, दार मोडू नका. किल्ली आणा."

"बाई, किल्ली कुणाकडे आहे तेच माहीत नाही!"

"मग शोधा. मी काही कुठे जात नाही."

तो गाडी घेऊन सुटला. बोळात मदतनीस भेटली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांचेही चेहरे उतरले. तिथून दोघं नर्सच्या घरी. नर्सने दार उघडलं तेव्हा तिचा एक हात साबणाच्या पाण्याने ओला होता. बादलीत गणवेश आणि गणवेशात मी. तिने मला पाण्यातून वर काढलं आणि माझ्याकडे बघतच राहिली. पुढे तिने मला एवढ्या घाईने कुलपात घातलं की मी माझ्याच दारावर धडपडले.

बाई जमिनीवर होत्या. एक मनगट सुजून जाड झालेलं, ओठ कोरडे. शिट्टी गळ्यातच होती.

"शिट्टी का नाही मारली, मावशी?" मदतनीस रडत म्हणाली.

"मारली असती तर सगळी गल्ली गोळा झाली असती. मग लेकीला कळलं असतं." बाईंनी घोटभर पाणी पिऊन नर्सकडे बघितलं. "तिला सांगू नका, सिस्टर. पाया पडते."

"बाई, दुसरं काहीही सांगा," नर्स म्हणाली, "हे मला जमणार नाही." तिने तिथूनच मुलीला फोन लावला आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "ताई, आई पडल्यात, आणि घराची किल्ली माझ्या खिशात होती."

मुलगी आली. बाईंच्या हाताला प्लास्टर बसलं. पुन्हा ते टेबल भरलं. या वेळी बिस्किटांना कुणी हात लावला नाही. मला मधोमध ठेवलं होतं. दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, रोजची देखभाल पालिकेकडे. पालिकेच्या साहेबबाई म्हणाल्या, नर्सची रजा आम्हाला कळवायला हवी होती. संस्थेचे प्रमुख म्हणाले, आमचं काम फक्त डबा. तिघांनी हात झटकले. नर्स, ड्रायव्हर आणि मदतनीस भिंतीला लागून उभे होते. ते मात्र कुणाकडे बोट दाखवत नव्हते.

मुलीने मला उचललं. "मला एवढंच सांगा. रिकामा खिळा बघून तिथे कोण आहे, हे तुम्हाला कसं कळायचं?"

"कुणीतरी असेल, असं वाटायचं ताई," ड्रायव्हर खाली बघून म्हणाला.

शेवटी बाईच बोलल्या. "अट मी कबूल केली होती, आणि अट मोडली. तिकीट संपलं की उतरायचं, हे मी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवलं. आता स्वतःच्या वेळी भांडत बसणार नाही. चल, मी येते."

मुलगी याच शब्दांसाठी आली होती. पण ते ऐकून तिने मला परत टेबलावर ठेवलं. "आई, दिवसभर एकटी पडून होतीस. शेजाऱ्यांना हाक मारावी, मला फोन करावा, काहीच कसं वाटलं नाही?"

"फोन होता आतल्या खोलीत. दुपारी डोळा लागला, तेव्हा दार वाजलेलंही कळलं नाही. आणि मला वाटलं, येईलच की आपलं कुणीतरी. रोज येतात."

मुलगी भिंतीशी उभ्या असलेल्या तिघांकडे वळली. "सख्ख्या लेकीला सोडून ती तुमची वाट बघत पडून राहिली," ती म्हणाली. "मी तिला घेऊन गेले, तर तिकडे ती कुणाची वाट बघेल?"

मदतनीसने गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. "किल्ली काढली की त्या जागी हे टांगू," ती म्हणाली. "म्हणजे खिळा रिकामा राहणार नाही, आणि नावही दिसेल." नर्सने आपलं ओळखपत्र काढलं. ड्रायव्हरकडे ओळखपत्र नव्हतं, त्याने टोपी काढली.

"बघू," मुलगी म्हणाली. "पुन्हा असं झालं तर मात्र मी कुणाचं ऐकणार नाही."

बाईंनी डाव्या हाताने शिट्टी ओठांशी नेली आणि दोनदा वाजवली. डॉक्टर दचकले.

त्यानंतर बाई आपल्याच घरात राहिल्या, बरीच वर्षं. खिळा पुन्हा कधी रिकामा राहिला नाही. मी असायचे, नाहीतर कुणाचं तरी ओळखपत्र, नाहीतर ती तेलकट टोपी. मग एका साध्याशा दुपारी, मदतनीस त्यांचे केस विंचरत असताना, बाईंनी मान टेकली. त्या वेळी बोळातल्या खिळ्यावर मदतनीसचं ओळखपत्र लटकत होतं. मला अभिमान वाटावा असं माझ्या आयुष्यात कुलूप उघडण्यापलीकडे काही असेल, तर ते हे.

मुलीने घर रिकामं केलं. माझी आई आणि शिट्टी ती सोबत घेऊन गेली. नव्या भाडेकरूने कुलूप बदललं. आता मी कशालाच लागत नाही. मला टाकून द्यायचं कुणी, हे मात्र ठरत नाही. दवाखान्याला वाटतं मी पालिकेची, पालिकेला वाटतं संस्थेची. माझ्या शेजारी आता आणखी खिळे आहेत, दुसऱ्या घरांच्या किल्ल्या आहेत. त्या जातात, त्यांच्या जागी ओळखपत्रं येतात. माझं बरं चाललंय, तक्रार नाही.

एक विनंती तेवढी आहे. मला या खिळ्यावरून उतरवा. दुपारी डबे घेऊन निघताना ड्रायव्हरची नजर अजून माझ्यावर पडते. किल्ली खिळ्यावर दिसते, म्हणजे बाईंकडे आत्ता कुणी नाही. तो टोपीला हात घालतो, एक पाऊल माझ्याकडे टाकतो आणि मग त्याला आठवतं.