जेसनची सरकारी नोकरी

जेसनला सरकारी नोकरी लागली म्हणे. आमच्या मस्कतच्या हॉटेलात सीसीटीव्हीसमोर बसून डुलक्या काढणारा हा प्राणी. मी फ्रंट ऑफिसचा सुपरवायझर, माझं इंग्रजी त्याच्यापेक्षा बरं, डोक्यावर केसही जास्त. तरी कुठल्याशा बेटावरच्या देशाच्या सरकारी गेमिंग कॉर्पोरेशननं कॅसिनोच्या कॅमेऱ्यांवर नजर ठेवायला निवडलं ते त्याला. ओमानमध्ये जुगाराला बंदी. पैसे लावून रमीचा डावही ज्यानं कधी पाहिला नाही, तो आता जुगाऱ्यांची चोरी पकडणार.

नोकरीचं मी गिळलं असतं. पण ती लागताच त्यानं ॲव्हरिलला मागणी घातली. ॲव्हरिल रुसैलच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. गेली चार वर्षं चर्चमधली शुक्रवारची मिसा झाली की मी त्यांच्या रुवी भागातल्या घरी जेवायला असतो. इतका घरचा, की पातेल्यातून स्वतःच वाढून घेतो. पुढचं सगळं आपोआप ठरेल असं मी धरून चाललो होतो.

तिचे वडील डाबरे अंकल निवृत्त होऊन वसईहून इथे राहायला आलेले. त्यांचं एकच टुमणं. "जावई सरकारी नोकरीतला हवा. गल्फचं काय, आज आहे, उद्या खलास."

मग रिसेप्शनवर बसून मोबाइलवर मी त्या बेटाचा कायदाच शोधून काढला. कॉर्पोरेशनचे सगळे शेअर सरकारचे, अध्यक्षही सरकार नेमणार. पण कायद्याच्या लेखी ते सरकार नव्हे, वेगळी व्यक्ती. स्वतः कॅसिनो चालवायचे, दुसऱ्यांना परवानेही स्वतःच द्यायचे. आणि पुढे एक कलम: कर्मचारी शासकीय सेवक मानले जाणार नाहीत. ते वाचून मला जे बरं वाटलं, ते पगारवाढीनंही वाटलं नव्हतं.

शुक्रवारी ॲव्हरिलच्या मम्मीनं, कॅथरीन आंटींनी, बोंबलाचं कालवण केलं होतं. मी पहिल्या घासालाच विषय काढला.

"अंकल, जेसनचा जॉब सरकारी नाही हां."

"असं कसं? गव्हर्नमेंटचीच कंपनी आहे ना?"

"मालक गव्हर्नमेंट. हा नोकर कॉर्पोरेशनचा, म्हणजे महामंडळाचा. उद्या त्यांनी महामंडळ विकलं की हा रस्त्यावर. महामंडळवाल्यांनी स्वतःला सरकारी म्हणवून घ्यायचं म्हणजे उगाच मोठेपणा."

अंकलनी हातातला घास ताटात ठेवला. आंटी माझ्याकडे बघेचनात. मग माझी नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. गळ्यात हार घातलेले अंकल, मागे लाल बस. अंकल एसटीत होते. एसटी महामंडळात. त्यांना सरकारी नोकरीतले म्हणायची सगळ्यांना इतकी सवय, की माझ्या डोक्यातच आलं नाही.

"सगळी नोकरी डेपोत गेली," अंकल म्हणाले. "विलीनीकरण करा, आम्हाला सरकारी म्हणा, म्हणून संपात गेटवर बसलो. कोणी म्हटलं नाही. म्हणून वाटायचं, जावई तरी खरा सरकारी असावा." मग ते चक्क हसले. "म्हणजे जेसन पण महामंडळवाला. पोरगा आपल्यातलाच निघाला की."

"पण अंकल, तुम्हाला सरकारी हवा होता ना?" माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

"पप्पांना हवा होता," ॲव्हरिल म्हणाली. "मला विचारणारा हवा होता. जेसननं विचारलं. तू इतकी वर्षं येतोस, जेवतोस, जातोस. आज बोललास, ते पण त्याच्याबद्दलच."

"आता विचारलं तर?"

"मी त्याला काल हो म्हटलंय, मॅक्सिम."

जेसनचा इतका राग मला कधीच आला नव्हता, आणि तो तिथे नव्हताही. काहीतरी करायचं म्हणून मी पातेल्याकडे हात नेला. ॲव्हरिलनं डाव आधीच उचलला होता. तिनं माझ्या ताटात बोंबील वाढला, आणि पाहुण्यांना म्हणतात तसं म्हणाली, "लाजू नकोस, घे."