पुणे–नागपूर, साडेबारा सेंटिमीटर

मी लाकडाची फूटपट्टी. वय छत्तीस. पहिले तीन आकडे पुसट झालेत, बाकीचे ठणठणीत आहेत. बाबुरावांनी मला लेकीच्या शाळेसाठी नारायण पेठेतून आणलं. लेक प्रियदर्शनी शिकून बंगळूरला नोकरीला गेली, तरी त्यांनी मला टाकलं नाही. एवढी माया फूटपट्टीच्या वाट्याला सहसा येत नाही.

बाबुराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. मोजल्याशिवाय त्यांना काही पटत नाही. कोणी गावाला निघालं की नकाशा पसरायचा, त्यावर मला ठेवायचं आणि न विचारता अंतर सांगायचं.

गेल्या महिन्यात नागपूरहून फोन आला. त्यांच्या सासूबाई मुक्ताई अंथरुणाला खिळल्या होत्या. "सुंदरा कधी येते?" एवढंच विचारत होत्या. बाबुरावांच्या पत्नी सुंदराबाईंचे गुडघे दुखतात, रात्रभराची रेल्वे झेपत नाही, म्हणून त्या सहा वर्षं माहेरी गेल्या नव्हत्या. प्रियदर्शनीनं लगेच विमानाची तिकिटं काढली.

बाबुरावांनी मला नकाशावर ठेवलं. "साडेबारा सेंटिमीटर. म्हणजे सव्वासहाशे किलोमीटर. ऐंशी मिनिटांत नागपूर!"

"बाबा, दोन तास आधी पोचा हं," लेक फोनवर म्हणाली.

"अगं, आपण विश्रांतवाडीत राहतो. विमानं आपल्या गच्चीवरून जातात! विमानतळ इतका जवळ, की पट्टीवर मोजताही येत नाही."

व्हायचं तेच झालं. आम्ही पोचलो तेव्हा काउंटर बंद झालं होतं. मीही पिशवीत होते, मला लाकडाची असूनही घाम फुटला. ज्या पट्टीच्या भरवशावर ते उशिरा निघाले, ती मीच ना!

सुंदराबाईंचे डोळे भरून आले होते, पण त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, आधी बसा. केवढी धाप लागलीय तुम्हाला."

काउंटरवरच्या पायल नावाच्या मुलीनं खटपट करून दुपारच्या विमानात दोन जागा मिळवून दिल्या. वर म्हणाली, "काका, आता घर जवळ आहे म्हणून चहाला जाऊ नका."

चार तास आम्ही तिथेच बसलो. फोन वाजला की सुंदराबाई दचकायच्या.

संध्याकाळी नागपूरला घरी पोचलो, तेव्हा मुक्ताई जाग्या होत्या. बाबुरावांना राहवलं नाही. "आई, विमानानं ऐंशी मिनिटांत आलो!"

मुक्ताईंनी लेकीचा हात चाचपला. "एवढ्याशा टायमात येता येते? मंग सहा वर्सं काहून लावली वं पोरी?"

सुंदराबाईंनी आईच्या कुशीत तोंड लपवलं. मुक्ताई किती तरी वेळ त्यांच्या केसांवरून हात फिरवत होत्या.

त्यानंतर मुक्ताई नऊ दिवस होत्या आणि नऊही दिवस लेक उशाशी होती. त्या नऊ दिवसांसाठी मी पायलची आणि त्या दुपारच्या विमानाची जन्मभर ऋणी आहे.

आता मी पुन्हा टेबलावर आहे. तुम्हालाही कुठलं अंतर मोजायचं असेल तर खुशाल या, मी खरं तेच सांगेन. पण मग नकाशाची घडी घाला आणि निघा. तिकडे कोणीतरी तुमची वाट पाहतंय.