ब्रेकसकट गाडी

भाऊजींनी आपली जुनी गाडी मेव्हण्याला पन्नास हजारांना विकायचं ठरवलं, तेव्हा त्यांना मनातून गुदगुल्या झाल्या. मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्याकडून आजवर फक्त सल्ले आले होते, आणि एक फ्रीज. 'अजिबात आवाज करत नाही' म्हणून त्यानं तो भाऊजींच्या गळ्यात मारला होता. फ्रीज खरंच आवाज करत नव्हता, कारण तो चालतच नव्हता.

गाडी देण्याआधी चाकांत हवा भरून घ्यावी म्हणून भाऊजी गॅरेजात गेले. हवा फुकट होती. मिस्त्रीनं सवयीनं गाडी वर उचलली, खाली शिरून एका पाइपावर नख फिरवलं. तपकिरी पोपडे वाकून बघणाऱ्या भाऊजींच्या इस्त्रीच्या शर्टावर पडले.

"ब्रेकचे पाइप गंजून गेलेत."

"थोडेसे ना?"

"चारही चाकांचे. यातून तेलाचा दाब जातो, तेव्हा चाकं थांबतात. एक दिवस जोरात पाय द्याल आणि पाइप फुटेल. पाय खाली टेकेल, गाडी पुढं जाईल."

"किती होतील?"

मिस्त्रीनं गाडीकडे पाहिलं, मग भाऊजींच्या बुटांकडे, मग छताकडे. "पाइप, तेल, मजुरी. पेट्रोलची टाकी उतरवावी लागणार. अठरा हजार."

भाऊजी शेजारच्या टायरवर बसले.

"दोनच चाकांचे टाकले तर?"

"दोन थांबतील. बाकीची दोन विचार करतील."

"वरून रंग मारून?"

"मारतो की. मग ब्रेक रंगाच्या भरवशावर."

भाऊजी गाडी अगदी बेतानं चालवत घरी आले आणि विचार करू लागले. व्यवहार 'आहे त्या स्थितीत' असा ठरला होता, आणि पाइप त्याच स्थितीत होते. मेव्हणा तसाही इतका हळू चालवी की सायकलवाले त्याला मागून घंटी मारत. शिवाय फ्रीज होताच. रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांचं मन अगदी स्वच्छ झालं.

"अहो," बायको वाढता वाढता म्हणाली, "उद्या तो गाडी न्यायला येतोय, तर मी त्याच्याबरोबरच आईकडे जाते. घाटातून गप्पा मारत जाऊ."

भाऊजींचा घास हातातच थांबला. त्याचे ब्रेक उत्तम होते.

"बसनं जा की."

"घरची गाडी जात असताना? आणि तुम्ही कधीपासून आपण होऊन बसचं भाडं काढायला लागलात?"

"घाटात उतार फार आहे."

"तो आपल्या लग्नाच्या आधीपासून आहे. काय होतंय तुम्हाला? ॲसिडिटी?"

पाइपांचं सांगून टाकणं सोपं होतं. पण लगेच तिनं विचारलं असतं, 'आणि हे माझ्या भावाला कधी सांगणार होतात?' त्या प्रश्नाचं उत्तर भाऊजींनी रात्रभर शोधलं. अठरा हजारांपेक्षा स्वस्त पडेल असं एकही सापडलं नाही.

सकाळी गॅरेजचं शटर वर गेलं तेव्हा भाऊजी समोर उभेच होते.

"चारही बदल. सतरात होईल?"

"होईल. कोणतं चाक सोडू?"

"अठरा घे."

दुपारी उशिरा मेव्हणा आला. त्यानं गल्लीतून एक चक्कर मारली आणि कपाळ चोळत खाली उतरला.

"भाऊजी, हे ब्रेक फार लागतात हो."

"फार म्हणजे?"

"म्हणजे पाय ठेवला की थांबतेच. असं कुठं असतं? मला हे काम काढावं लागणार. पाच हजार कमी करा."

भाऊजींच्या जिभेच्या टोकावर अठरा हजार येऊन उभे राहिले. पण बायको गाडीत बसून, मांडीवर पिशवी घेऊन, खिडकीतून त्यांच्याकडेच बघत होती. नवे पाइप म्हटलं की जुन्यांची चौकशी आली.

"तीन," भाऊजी म्हणाले.

"चार."

"साडेतीन. आणि तिला पट्टा लावायला सांग."

"लावलाय हो," आतून आवाज आला. "निघू या आता. आई वाट बघत असेल."

गाडी निघाली. भाऊजी फाटकापाशी उभे राहिले. कोपऱ्यावर मागचे लाल दिवे लागले, गाडी जागच्या जागी थबकली, आणि मेव्हण्याचं डोकं काचेच्या दिशेनं जाऊन परत आलेलं इथूनही स्पष्ट दिसलं. शेजारी बायको पट्ट्यात ताठ बसलेली होती.

साडेतीनपैकी निदान एक हजार तरी वसूल झाले, असं भाऊजींना वाटलं.